‘जरी’ आहे, मग ‘तरी’ कुठे गेलं?

‘‘आई, हे बघ ना. बरोबर तर लिहिलं आहे, मग मॅडमनं काट काऊन मारली?’’

मागच्या वर्षीची, जुलैमधली संध्याकाळ. आमगावात दोन दिवसांपासून पावसाची झड लागलेली. आजूबाजूच्या शेतांत रोवणीची घाई. मी गॅसवर भाताचा गंज चढवला होता, आणि दहावीतली माझी धाकटी चाचणीचा इंग्रजीचा पेपर घेऊन स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

पेपरात दोन वाक्यं दिली होती. ‘इट वॉज रेनिंग हेविली. वी वेंट टू स्कूल.’ ‘ऑल्दो’ वापरून दोन्ही जोडायची होती. पोरीनं लिहिलं होतं, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग हेविली, बट वी वेंट टू स्कूल.’ मधल्या ‘बट’भोवती लाल गोल, बाजूला भोपळा. का चुकलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

मी पेपर हातात घेतला, वरून खालून बघितला आणि म्हटलं, ‘‘माझं डोकं दुखून राहिलं, उद्या बघू.’’

मैत्रिणींनो, खरं सांगते, डोकं वगैरे काही दुखत नव्हतं. इंग्रजीचं पुस्तक घेऊन पोरं आली की माझं डोकं दुखायला लागतं, हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत झालं होतं. मोठ्याच्या वेळीही दुखायचं. का दुखतं, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

एकोणतीस मार्क

माझी दहावी मार्च १९९४ ची. तेव्हा आमचा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. (१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला.) इंग्रजी आम्हाला पाचवीपासून. आताच्या मुलांना ते पहिलीपासून असतं, राज्यात २००० सालापासून तसं झालं. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी आणि दहावीत एकदम मोठमोठे निबंध, असा प्रकार होता.

इंग्रजीत मला २९ मार्क पडले. पासाला ३५ लागत होते. सहा मार्कांनी मी गेले. बाकी सगळे विषय सुटले होते, गणितसुद्धा! बाबा म्हणाले, ‘‘पोरीच्या जातीले इंग्रजी कायले पाहिजे?’’ ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. दोन वर्षांनी लग्न झालं. सासरी ‘मुलगी दहावीपर्यंत शिकलेली’ असं सांगितलं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं. मीही ते वाक्य कधी पूर्ण केलं नाही.

पण मार्कांपेक्षा एक दुसरीच गोष्ट मनात रुतून बसली होती. सराव परीक्षेचे पेपर वाटताना आमच्या सरांनी माझा पेपर हातात धरून एक वाक्य सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. वर्ग हसला होता. त्या वाक्यात ‘ऑल्दो’ होतं आणि ‘बट’ही होतं.

म्हणजे बघा, जवळपास तीस वर्षांनी माझ्या पोरीनं तीच चूक केली होती. आणि ती चूक का आहे, हे तेव्हा मला कळलं नव्हतं आणि आताही सांगता येत नव्हतं. त्या रात्री भात खाली लागला, तो त्यामुळेच.

बाईंनी विचारलेला प्रश्न

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त बाई राहतात. सालेकसा, देवरी, आमगाव अशा तालुक्यांतल्या शाळांत त्यांनी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. घरात कोणी पोवारी बोलणारं, कोणी छत्तीसगढी, कोणी गोंडी, कोणी हिंदी. शाळेत मराठी. आणि त्यावर इंग्रजी. अशा पोरांना त्यांनी शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर पदराखाली लपवून त्यांच्याकडे गेले. सांगितलं, ‘‘बाई, पोरीसाठी विचारायला आले.’’

बाईंनी चष्मा लावला, वाक्य वाचलं आणि हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘हे आधी मराठीत म्हण बरं.’’

‘‘जोराचा पाऊस होता, तरी आम्ही शाळेत गेलो.’’

‘‘पूर्ण म्हण. पुस्तकातल्यासारखं.’’

‘‘जरी जोराचा पाऊस होता, तरी आम्ही शाळेत गेलो.’’

‘‘आता सांग, जोडायला किती शब्द वापरलेस?’’

मी बोटं मोजली. ‘‘दोन. जरी आणि तरी.’’

‘‘बस, एवढंच आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मराठीत हे जोडीनं चालतात. जरी आलं की मागून तरी येतंच, ते आलं नाही तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. हिंदीतही ‘हालाँकि’ म्हटलं की पुढे ‘लेकिन’ येतं. म्हणून आपल्याकडची पोरं ‘ऑल्दो’ लिहिलं की ‘तरी’ शोधायला लागतात, आणि हाताशी सापडतो ‘बट’. पण इंग्रजीत या ठिकाणी एकच गाठ मारतात. ऑल्दो घेतलं तर बट नको. बट घेतलं तर ऑल्दो नको. जुन्या व्याकरणात ऑल्दोच्या सोबतीला ‘येट’ चालतं, पण बट नाही.’’

म्हणजे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग हेविली, वी वेंट टू स्कूल’ हे बरोबर. आणि ‘इट वॉज रेनिंग हेविली, बट वी वेंट टू स्कूल’ हेही बरोबर. फक्त दोन्ही एकाच वाक्यात नकोत.

बाई पुढे म्हणाल्या, ‘‘तुझ्या पोरीला मराठी चांगलं येतं, म्हणून तिनं ही चूक केली. डोकं नाही म्हणून नव्हे.’’

मला एकदम रडू आलं. बाई घाबरल्याच. मग मी त्यांना २९ मार्कांची आणि वर्गातल्या हसण्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली. बाईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘रोज दुपारी अर्धा तास ये. पोरीसाठी नको, स्वतःसाठी ये.’’

आधी नातं ओळखा

मग मी रोज दुपारी जायला लागले. शाळेत आम्हाला ‘सिंथेसिस’ म्हणजे वाक्यं जोडणं हे नुसतं नियमांची यादी म्हणून शिकवलं होतं. टू-टू, सो-दॅट, नॉट ओन्ली-बट ऑल्सो असं पाढ्यासारखं पाठ करायचं. बाईंनी यादी बाजूला ठेवली. म्हणाल्या, दोन वाक्यं समोर आली की तीन प्रश्न विचारायचे, तेही मराठीत.

पहिला, दोन्ही वाक्यांत काम करणारा एकच आहे की वेगवेगळे?

दुसरा, दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं काय? एकात दुसऱ्याची भर आहे, विरोध आहे, एक दुसऱ्याचं कारण आहे, एक आधी झालं आणि दुसरं नंतर, की एकावर दुसऱ्याची अट आहे?

तिसरा, हे आपण मराठीत कसं जोडलं असतं, आणि त्यात जोडणारे शब्द किती?

हे तीन प्रश्न सुटले की अर्धं काम झालं. भर असेल तर ‘अँड’. विरोध असेल तर ‘बट’ किंवा ‘ऑल्दो’. कारण असेल तर ‘बिकॉज’ किंवा ‘सो’. वेळ असेल तर ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘ॲज सून ॲज’. अट असेल तर ‘इफ’ किंवा ‘अनलेस’.

आपल्या मराठी व्याकरणातही केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य हे तीन प्रकार आपण शिकलोच होतो की! इंग्रजीतही तेच तीन आहेत, सिम्पल, कम्पाउंड आणि कॉम्प्लेक्स. बाईंकडे रेन आणि मार्टिन यांचं ते प्रसिद्ध लाल पुस्तक होतं, ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’. १९३० च्या दशकात आलेलं हे पुस्तक अजूनही दुकानात मिळतं. त्यातला रेन हा इंग्रज गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि कादंबऱ्याही लिहायचा. त्या पुस्तकात वाक्यं जोडण्याची प्रकरणं याच तीन प्रकारांनी लावलेली आहेत. ते बघून मला वाटलं, अरे, हे तर आपल्याला आठवीत मराठीच्या तासाला शिकवलं होतं. दोन तासांमधलं ते दार कोणी उघडूनच दाखवलं नव्हतं.

जोडीनं चालणारे शब्द

एकदा जरी-तरीचं कळलं आणि मग बाकीच्या चुका आपोआप दिसायला लागल्या. जवळजवळ सगळ्या याच घराण्यातल्या!

‘जेव्हा घंटा वाजली, तेव्हा आम्ही धावलो.’ मुलं लिहितात, ‘व्हेन द बेल रँग, देन वी रॅन.’ यातलं देन नको.

‘पाऊस होता म्हणून आम्ही थांबलो.’ मुलं लिहितात, ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड.’ बिकॉज आणि सो यातलं एकच ठेवायचं.

सगळ्यात गमतीची चूक ‘हू’ची. ‘द गर्ल इज माय फ्रेंड. शी लिव्ज निअर द स्टेशन.’ मराठीत आपण म्हणतो, ‘जी मुलगी स्टेशनजवळ राहते, ती माझी मैत्रीण आहे.’ जी आली की ती येणारच. म्हणून मुलं लिहितात, ‘द गर्ल हू लिव्ज निअर द स्टेशन, शी इज माय फ्रेंड.’ इथे ‘हू’ आल्यावर ‘शी’ला घरी पाठवायचं. ‘द गर्ल हू लिव्ज निअर द स्टेशन इज माय फ्रेंड.’ झालं.

माणसासाठी हू, वस्तू किंवा प्राण्या-पक्ष्यासाठी व्हिच. आपल्या गोंदियाचा सारस घ्या. ‘द सारस इज अ टॉल बर्ड. इट लिव्ज इन पेअर्स.’ जोडलं की होतं, ‘द सारस, व्हिच इज अ टॉल बर्ड, लिव्ज इन पेअर्स.’ मी बाईंना म्हटलं, सारस पक्षी जोडीनं राहतो, पण इंग्रजीतला जोडशब्द एकटाच राहतो. बाई म्हणाल्या, ‘‘हे पोरीला असंच सांग, विसरणार नाही.’’

आता इंग्रजीत जोडीनं येणारे शब्द नाहीतच असं नाही. ‘सो... दॅट’, ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’, ‘आयदर... ऑर’, ‘नो सूनर... दॅन’ हे सगळे जोडीचेच. हे मोजकेच आहेत, ते वेगळे पाठ करावेत. ‘शी नॉट ओन्ली स्टिचेस क्लोद्स बट ऑल्सो रन्स अ शॉप.’ मराठीत आपण म्हणतोच ना, ती नुसती कपडे शिवत नाही, तर दुकानही चालवते.

‘अनलेस’ची वेगळीच तऱ्हा. त्याच्या पोटातच ‘नाही’ दडलेलं आहे. अनलेस म्हणजे ‘जर नाही तर’. म्हणून ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल.’ मुलं ‘अनलेस यू डू नॉट स्टडी’ लिहितात आणि अर्थ उलटा होऊन बसतो!

पोतं, गाडी आणि भात

बाई सगळी उदाहरणं आपल्या घरातली, गावातली द्यायच्या. धानाचं पोतं बघा. ‘द सॅक इज व्हेरी हेवी. शी कॅनॉट लिफ्ट इट.’ पोतं इतकं जड आहे की ती ते उचलू शकत नाही. ‘इतकं... की’ला इंग्रजीत ‘सो... दॅट’. ‘द सॅक इज सो हेवी दॅट शी कॅनॉट लिफ्ट इट.’ हे सरळ आहे.

पण परीक्षेत विचारतात ‘टू... टू’. इथे आधी स्पेलिंग सांभाळायचं. पहिल्या टूमध्ये दोन ओ, दुसऱ्यात एक. ‘द सॅक इज टू हेवी फॉर हर टू लिफ्ट.’ यात ‘कॅनॉट’ही गेलं आणि शेवटचं ‘इट’ही गेलं. दोन ओवाल्या ‘टू’मध्येच ‘प्रमाणाबाहेर, म्हणून जमत नाही’ हा अर्थ आलेला असतो. त्यामुळे वरून पुन्हा ‘नॉट’ घातलं की एक मार्क गेला. माझ्या लेकीचे दोन मार्क त्यातच गेले होते.

आमगाव स्टेशन मुंबई-हावडा मार्गावरचं. तिथली गाडी घेऊन बाईंनी ‘नो सूनर’ शिकवलं. ‘गाडी थांबते न थांबते तोच प्रवासी उतरले.’ सोपं करून ‘ॲज सून ॲज द ट्रेन स्टॉप्ड, द पॅसेंजर्स गॉट डाउन.’ नो सूनरनं करायचं तर ‘नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन द पॅसेंजर्स गॉट डाउन.’ यात दोन खड्डे आहेत. नो सूनरनंतर ‘डिड’ आला की ‘स्टॉप्ड’चं ‘स्टॉप’ होतं. भूतकाळ डिडनं उचलला, आता क्रियापदानं पुन्हा उचलायचा नाही. आणि पुढे ‘दॅन’ येतं, ‘देन’ नाही. एका अक्षराचा फरक, पण मार्क त्यावरच.

आणि सगळ्यात मला आवडला तो भात. ‘मदर कुक्ड द राइस. शी वेंट टू द फील्ड.’ आपण काय म्हणू? ‘भात रांधून आई शेतावर गेली.’ त्या एवढ्याशा ‘ऊन’नं दोन वाक्यं जोडली की! इंग्रजीत त्याला ‘हॅविंग कुक्ड द राइस, मदर वेंट टू द फील्ड.’ शी काढून टाकायचं आणि मदरला पुढच्या भागात बसवायचं.

इथे बाईंचा पहिला प्रश्न कामाला येतो. करणारा एकच आहे ना? ‘भात रांधून घंटा वाजली’ असं कोणी म्हटलं तर आपण हसू, घंटेनं भात रांधला का गं? इंग्रजीतही तसंच. करणारे दोन असतील तर हॅविंग नको, सरळ ‘आफ्टर’ किंवा ‘व्हेन’ घ्यायचं. आपणही तिथे ‘ऊन’ सोडून ‘आईनं भात रांधल्यावर घंटा वाजली’ असंच म्हणतो. म्हणजे कान आपला तयारच आहे. तो मराठीत तयार झालेला आहे, एवढंच.

डोकेदुखी संपली

पंधरा-वीस दिवसांनी मी लेकीला हाक मारली. म्हटलं, ‘‘आण तो तुझा पेपर.’’ ती चकितच झाली. ‘‘तुझं डोकं नाही दुखत आज?’’

मी तिला जरी-तरीचं सांगितलं. बाईंनी मला सांगितलं तसंच, आधी मराठीत म्हणायला लावून, बोटं मोजून. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, ‘‘अरे! एवढंच होतं? मग मॅडमनं सांगितलं काऊन नाही? आणि तुले येतं तर इतके दिवस तू काऊन नाही सांगितलं?’’

आता काय सांगणार? क्षणभर वाटलं, पुन्हा काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण मग कपाटातल्या साड्यांखालून जुनी गुणपत्रिका काढली आणि तिच्या हातात दिली. इंग्रजी, २९. ती बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, ‘‘तू जे वाक्य लिहिलं ना, तसंच मी लिहिलं होतं. वर्ग हसला होता. तेव्हापासून मी इंग्रजीले भ्यायले.’’

मला भीती होती की तिच्या नजरेतून मी उतरेन. पोरीनं गुणपत्रिकेची घडी घातली आणि विचारलं, ‘‘मग आता कोणी शिकवलं तुले?’’ मी बाईंचं नाव सांगितलं. ‘‘उद्यापासून मी पण येते,’’ म्हणाली.

त्यानंतर आमच्या घरात एक खेळच सुरू झाला. भाजी निवडताना मी दोन वाक्यं टाकायची, तिनं जोडायची. ‘‘बाबा घरी आले. लाइट गेली.’’ करणारे दोन, म्हणून व्हेन. ‘‘दादा हुशार आहे. दादा आळशी आहे.’’ विरोध, म्हणून बट नाहीतर ऑल्दो. दादा चिडायचा! सासूबाई एरवी माळ ओढत बसलेल्या असतात. एक दिवस त्या म्हणाल्या, ‘‘भाजी जळाली, कारण माय-लेकी इंग्रजी बोलत होत्या. हे जोडा आता!’’ इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या सासूबाईंना कारणाचं वाक्य बरोबर जमलं होतं. त्या दिवशी मला कळलं, की हे शिकवायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही. नातं ओळखता आलं पाहिजे, आणि ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

लेकीचा निकाल लागला. इंग्रजीत ५८. पेपरात फोटो छापून यावा असे हे मार्क नाहीत, माहीत आहे मला. पण तिला नर्सिंगला जायचं आहे. जीएनएमच्या कोर्सला बारावी लागते आणि बारावीत इंग्रजी विषय असावा लागतो. जुलैमध्ये ही पोर म्हणत होती, दहावी झाली की पुरे, मले नाही जमत इंग्रजी. आता ती अकरावीत आहे, आणि सायकलवर जाताना मैत्रिणीला नो सूनर समजावत असते.

मैत्रिणींनो, तुमच्यातही माझ्यासारख्या कितीतरी असतील. कोणी इंग्रजीत गेलेली, कोणी काठावर सुटलेली, आणि मुलांनी पुस्तक उघडलं की पदर खोचून भांड्यांकडे वळणारी. एक करून बघा. मुलाचा पेपर हातात घ्या आणि नुसतं म्हणा, ‘‘हे मला मराठीत सांग. आता सांग, या दोन गोष्टींचं नातं काय?’’ उत्तर तुम्हाला कळेल. तेवढं कळलं की मुलाला पुढचं शब्द शोधायचं काम सोपं जातं. आणि कुठे अडलंच, तर गावात एखाद्या निवृत्त बाई, एखादे गुरुजी असतातच. त्यांच्याकडे जायला लाजू नका. मी तीस वर्षं लाजले, तेवढं पुरे आहे.

ती गुणपत्रिका आता साड्यांखाली नसते. लेकीच्या गुणपत्रिकेसोबत एकाच फाइलमध्ये आहे. आणि बाईंकडे माझी दुपारची फेरी चालूच आहे. परवा बाईंनी विचारलं, ‘‘आता तर पोरीची परीक्षा झाली, मग तू कशाला येतेस?’’

मी इंग्रजीतच उत्तर दिलं. हळूहळू, बोटं मोजत. ‘‘ऑल्दो माय डॉटर हॅज पास्ड, आय वाँट टू लर्न.’’

मध्ये बट घातला नाही.